दोन घोड्यांचं ब्लेड

आमच्या तेमिरताऊत कुणालाही हलवून उठवा आणि विचारा, पोलाद किती तापलं की ओतायचं. तो डोळे न उघडता सांगेल आणि कूस बदलून परत झोपेल. मला मात्र विचारू नका. मी शाळेत संगीत शिकवतो. भट्टीवाले, क्रेनवाले, त्यांच्या बायका, त्यांचे जावई, सगळे धातूतले जाणकार, आणि त्यांच्यात दोन तारांचा डोंब्रा काखेत मारून फिरणारा मी एकटा. लोक मला ‘मास्तर’ म्हणतात. पण ते ज्या सुरात म्हणतात तो सूर मला चांगला कळतो, कारण माझा तो धंदाच आहे.

त्यातून माझे वडील बोलात-आगा. कारखान्याच्या कापणी खात्यात त्यांनी एकतीस वर्षं बँडसॉ चालवला. निवृत्त होताना बाकीच्यांनी भेट म्हणून घड्याळं घेतली, यांनी खात्यातून मोडीत निघालेली एक करवत मागून घेतली, गॅरेजमध्ये आणून बसवली आणि रोज सकाळी तिची विचारपूस करायला जाऊ लागले. आमची विचारपूस त्यानंतर.

नौरूझच्या, म्हणजे मार्चमधल्या आमच्या नववर्षाच्या, कार्यक्रमाची बैठक होती. मुख्याध्यापिका सौलेबाई म्हणाल्या, “यंदा पोलादाच्या गावाला पोलादाचं संगीत ऐकवायचं. कठीण पोलादाचे आठ दांडे, लहानमोठे, टांगायचे आणि वाजवायचे. आठ दांडे, आठ स्वर. मास्तर, तुमच्या घरात बोलात-आगा असताना हा काय, हातचा मळ!” मी काहीतरी आडवंतिडवं बोलणार होतो, तेवढ्यात मला ठसका लागला. ठसक्यात मान दोनदा खाली गेली. इतिवृत्तात लिहिलं गेलं: मास्तरांनी जबाबदारी आनंदाने स्वीकारली.

बाबांना सांगितलं असतं तर अर्ध्या दिवसाचं काम होतं. पण मी बारा वर्षांचा असताना त्यांनी एकदा माझ्या हातात कानस दिली होती आणि दोन मिनिटांत काढून घेतली होती. “झोमार्त, राहू दे,” म्हणाले होते, “तू धरलंस की लोखंडसुद्धा घाबरतं.” आता मी चव्वेचाळीसचा आहे. एकदा, फक्त एकदा, मला या घरात असं काहीतरी कापायचं होतं जे कांदा नाही.

आणि संधी चालून आली. बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कारागांदाला माझ्या बहिणीकडे, रौशानकडे निघाले. शुक्रवारी परत येणार होते. निघताना बूट चढवता चढवता म्हणाले, “डोंब्रा वाजव, टीव्ही बघ, काय वाटेल ते कर. माझ्या करवतीला हात लावायचा नाही.”

“छे छे बाबा, मी कशाला?” असं मी इतक्या घाईनं म्हणालो की माझी बायको बालझान स्वयंपाकघरातून डोकावून बघायला आली.

आता माझी भीती नीट समजून घ्या. मी करवतीला भीत नव्हतो. म्हणजे भीत होतो, पण ते वेगळं. खरी धास्ती शुक्रवारची होती. तोवर दांडे कापून करवत होती तशी पुसून ठेवायची होती. काही मोडलं तर बाबा ओरडणार नव्हते. ओरडले असते तर बरंच. ते नुसती मान हलवतात, आणि मग जेवायला बसतात. ती मान हलताना पाहिली की मला तीन दिवस घास गिळत नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी गॅरेज उघडलं. कोपऱ्यात बाबांनी जपून ठेवलेला मनगटाएवढा जाड, चकचकीत दांडा होता. तो शिकंज्यात आवळला. करवत म्हणजे दोन चाकांवरून गरगर फिरणारं दातेरी पट्ट्याचं ब्लेड. ते वरून हळूहळू खाली उतरतं आणि किती जोरात उतरायचं ते एका नळीच्या चावीवर ठरतं. ही चावी किती सोडायची याचा मी विचार करत उभा होतो, इतक्यात शेजारच्या गॅरेजमधला रूडोल्फ आला.

“हळू, मास्तर, हळू,” तो म्हणाला. “कठीण धातू आहे. त्याला चुचकारायचं. जोर केलास की बिथरलाच.”

रूडोल्फनं सगळं आयुष्य भट्टीपाशी काढलं. त्यानं वितळवलं पुष्कळ. कापलं असेल तर कलिंगड. पण हे मला नंतर सुचलं. त्या वेळी त्याचा सल्ला माझ्या स्वभावाला इतका मानवला की मी चावी जवळजवळ बंदच ठेवली. ब्लेड दांड्यावर टेकलं आणि नुसतं घासत राहिलं. किंचाळीसारखा एक आवाज निघाला, शुद्ध मध्यमाच्या जरा वर. दहा मिनिटं गेली, वीस गेली, दांड्यावर एक चमकदार रेघ तेवढी उमटली. मी अजून हळू केलं. आवाज अजून चढला. मग टकटक करत दाते उडाले आणि ब्लेड तुटून माझ्या टोपीवरून पलीकडे गेलं.

“जोर जास्त झाला,” रूडोल्फ म्हणाला आणि जेवायला गेला.

मी घरी येऊन पलंगावर आडवा झालो. बालझाननं दुधाचा चहा आणून दिला आणि म्हणाली, “नवीन मागवा ना. कारागांदात दुकान आहे. फोनवर ऑर्डर घेतात, बसनं पाठवतात.”

“तूच कर ना फोन. उद्या मला तालीम आहे.” तालीम होतीच. पण खरं सांगायचं तर दुकानदारानं काही उलट विचारलं तर काय, हीच धास्ती होती. मी कागदावर लांबी-रुंदी लिहून दिली, करवतीला दोन घोड्यांची मोटर आहे हेही सांगून ठेवलं आणि बजावलं, “पोलाद कापायचं ब्लेड, असं स्पष्ट सांग. लोखंडाचं नको, पोलादाचं.”

तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. “माझ्या देखत असं काय बोलता?”

इथे जरा थांबायला हवं. बोलात म्हणजे पोलाद. बाबांच्या थोरल्या भावाचं नाव तेमिरबेक, आणि तेमिर म्हणजे लोखंड. आमच्यात सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव तोंडातून काढत नाही, आणि नावात जो शब्द असेल तो शब्दही काढत नाही. त्यामुळे पोलादाच्या गावात चौदा वर्षं संसार करून या बाईनं पोलाद आणि लोखंड हे दोन शब्द एकदाही उच्चारलेले नाहीत. लोखंडाला ती ‘काळं’ म्हणते, पोलादाला ‘कठीण’. गावाचंच नाव लोखंडाचा डोंगर असल्यामुळे पत्ता सांगताना गाळलेलं गाव समोरच्यानं ओळखून घ्यायचं. तेमिरबेक काकांनी जन्मभर ट्राम चालवली म्हणून ते ‘ट्रामवाले आजोबा’, आणि बाबा नुसते ‘आजोबा’. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी तिला फोन करायला सांगितला, हा माझा दुसरा गुन्हा.

मंगळवारी तिनं ती कामाला असते त्या दवाखान्यातल्या केस-पेपरच्या खिडकीतूनच, समोर रांग उभी असताना, फोन लावला. तो संवाद मला दोन दिवसांनी शब्दशः कळला, पण तुम्ही आत्ताच ऐका.

“करवतीचं ब्लेड हवंय. पट्ट्याचं. मापं लिहून घ्या.”

“घेतली. कापायचं काय, ताई?”

“कठीण.”

“कठीण काय?”

“खूपच कठीण. साधं ब्लेड टिकत नाही.”

“हाडं का?”

“हाडांचं काय घेऊन बसलात, त्याहून कठीण.”

“गोठलं असेल. घोड्याचं आहे का?”

“दोन घोड्यांचं आहे,” बालझान म्हणाली. मोटरचं नेमकं आठवलं म्हणून तिला आनंदच झाला.

“दोन घोडे! आता, मार्चमध्ये?”

“काय करणार! घरातले मोठे बाहेरगावी गेलेत, ते यायच्या आत उरकायचंय. कुणाला बोलू नका हं, मेहरबानी करा.”

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग दुकानदार म्हणाला, “बरं ताई. बरकत असो.” बालझानला वाटलं, किती सभ्य माणूस आहे.

बुधवारी ब्लेड आलं. दाते असलेलं ब्लेड ते ब्लेड, एवढीच माझी समज, तेव्हा मी ते बसवलं. या खेपेला दार आतून लावलं, फटीत टॉवेल कोंबला आणि परवाच्याच चमकदार रेघेवर ब्लेड टेकवलं. या ब्लेडनं अर्धं मिनिटही तग धरला नाही. असा काही आवाज उठला की मी मोटर बंद करून कानात बोटं घातली. दाते पार गुळगुळीत झाले होते. दार उघडलं तर बाहेर रूडोल्फ. त्याच्या हातात एक रिकामं पातेलं होतं.

“काय चाललंय, मास्तर?”

“काही नाही.”

“काही नाही एवढा आवाज करत नाही. बायकोनं कांदे चिरून ठेवलेत.”

कांद्यांचा संबंध मला लागेना. माझ्या डोक्यात एकच: याला सगळं कळलेलं आहे. मी त्याचा हात धरला. “रूडोल्फ, बाबांना सांगू नका.”

“बोलातला? स्वतःच्या बापाला नाही सांगायचं?”

“खास करून त्यांनाच नाही.”

रूडोल्फनं हात सोडवून घेतला, पातेलं छातीशी धरलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, तुटलेल्या ब्लेडसाठी हे जरा जास्त होतंय.

गुरुवारी सकाळी गॅरेज सोसायटीच्या अध्यक्षा नीना अर्कादियेव्ना रजिस्टर घेऊन आल्या. “गॅरेजमध्ये जनावर कापायला मनाई आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही दोन घोडे कापलेत.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्यात हिवाळ्याच्या तोंडाशी घरोघर घोडा कापून मांस भरतात. त्यातलं पहिलं जेवण शेजाऱ्यांना आणि नातेवाइकांना घालायचं, मुंडकं घरातल्या वडीलधाऱ्यापुढे ठेवायचं. बापाला बाहेरगावी पाठवून, दार लावून, दोन घोडे एकट्यानं गिळणारा माणूस आमच्या गावात आजवर झालेला नव्हता. तो मान मला मिळाला होता.

“बाई, घोडे नाहीतच!”

“मग तसा पशुवैद्याचा दाखला आणा.”

“कशाचा?”

“नसल्याचा.”

पशुवैद्य चहा पीत होता. म्हणाला, “घोडे बघितल्याशिवाय मी दाखला देत नाही.”

“नाहीत, म्हणून तर दाखला हवाय.”

“असं तुम्ही म्हणता. जे नाहीत ते निरोगी होते की नाही, मी कशावरून लिहू?” शेवटी माझी दया येऊन त्यानं लिहिलं: तपासणीच्या वेळी घोडे जागेवर आढळले नाहीत. मी गडबडीत सही केली. सहीखाली छापलेलं होतं: घोड्यांचे मालक. नीना अर्कादियेव्नांनी तो कागद दोनदा वाचला, रजिस्टरला टाचला आणि म्हणाल्या, “म्हणजे होते.”

शाळेत सौलेबाई दांड्यांबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. “मास्तर, आम्हाला परकं समजता का?” एवढंच म्हणाल्या. दुपारी रौशानचा फोन आला. दुकानदाराची मावशी कारागांदात तेमिरबेक काकांच्याच इमारतीत राहत होती.

“बाबा निघालेत,” ती म्हणाली. “काका सोबत आहेत, आणखी चार माणसं आहेत. बाबा सकाळपासून गप्प आहेत रे. एकदाच बोलले. म्हणाले, ‘मुंडकं कुणाला दिलं?’”

मी फोन खाली ठेवला. घोडे कापले म्हणावं तर बापाचा असा अपमान की त्याला तोंड दाखवायला नको. नाही कापले म्हणावं तर मग गॅरेजमध्ये काय कापत होतो, ते सांगणं आलं. मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि दोन्हीकडून ती मान हलताना दिसली.

चार वाजता गाडी आली. सहा माणसं उतरली. बाबांच्या डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती. ते कुणाकडे न बघता आत आले आणि वरच्या, घरधन्याच्या जागेवर बसले. बालझाननं कणकेचे गोळे, बाउरसाक, तळले होते, शेवया केल्या होत्या, बाजारातली सॉसेजं कापून ठेवली होती. सगळ्यांनी त्या ताटांवरून नजर फिरवून स्वयंपाकघराच्या दाराकडे लावली.

“वाढा,” तेमिरबेक काका म्हणाले.

“बाबा,” मी म्हणालो. माझा आवाज एवढा चढा लागला की मलाच तो ओळखू येईना. “जरा गॅरेजमध्ये येता?”

“तिथे ठेवलंय म्हणा की!” काका खूश झाले. बाबा उठले. बालझान डोक्याच्या रुमालाच्या टोकानं डोळे पुसत मागून आली.

गॅरेजमध्ये मी सगळं सांगितलं. ठसक्यापासून दाखल्यापर्यंत. बाबांनी ब्लेडवरून अंगठा फिरवला. “हे हाडं कापायचं ब्लेड आहे.”

“चूक माझी आहे, आजोबा,” बालझान रडत म्हणाली. “मी ‘कठीण’ म्हणाले. तो म्हणाला घोड्याचं का, मी म्हटलं दोन घोड्यांचं. तुमचं नाव कसं घेणार होते मी?”

बाबांनी मान हलवली नाही. डॉक्टरांनी मान हलवायची बंदी केली होती, हे मला नंतर कळलं. त्यांचे खांदे मात्र हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. मग त्यांनी पट्टीवर हात दाबून धरला आणि म्हणाले, “अरे, हसवू नका, टाका तुटेल! दोन घोड्यांचं! चौदा वर्षं, पोरी? या गावात?”

हसणं आवरल्यावर त्यांनी दांड्यावरची रेघ चाचपली. “किती वेळ घासलंस?”

“अर्धा तास. पण अगदी हळू, बाबा.”

“तिथेच तर चुकलास. हा दांडा कुरवाळला की आकसतो. जितकं भीत भीत घासशील तितकी त्याची कातडी कडक होते, मग कुणाच्या बापाला कापत नाही. याला पहिल्या दाताला धरायचं. चाक सावकाश, दाब पुरता, आणि मध्ये सोडायचं नाही.” त्यांनी मला तुळईमागून गुंडाळून ठेवलेलं ब्लेड काढायला लावलं. दांडा फिरवून कोरी जागा वर आणायला लावली. स्वतः वाकायचं नव्हतं म्हणून ते स्टुलावर ताठ बसून राहिले.

“आता सोड चावी. अजून. अजून! भितोस काय, तुझं लग्न लागतंय का त्याच्याशी?”

मी सोडली. ब्लेड दांड्यात शिरलं, आणि किंचाळी नाही, एक जाड, भरलेला आवाज आला. ब्लेड थंड ठेवणारं दुधाळ पाणी वाहू लागलं. बाबांनी हात पुढे करून खाली पडणारा कीस बोटांत धरला. “भुगा नाही, कुरळी आहे. बरोबर. आवाज कसा आहे?”

“स्थिर आहे. थांबा, चढतोय. थोडासाच.”

“मला नाही ऐकू आला.”

“चढतोय, बाबा.”

“मग दाब दे.” दिला, आणि आवाज जागेवर आला. त्यानंतर मात्र त्यांनी किसाला हात लावला नाही. प्रत्येक वेळी मलाच विचारत राहिले. तुकडा खाली पडला आणि घंटेसारखा वाजला. माझ्या अंगावर काटा आला.

“स्वर बरोबर आहे का रे?”

“केसभर चढा आहे. म्हणजे केसभर आखूड कापला गेलाय.”

“मग बाकीचे सात तुझ्या कानानं मापायचे,” ते म्हणाले. “माझ्या डोळ्याचं आता काय खरं.” मग दाराशी थांबून बालझानला म्हणाले, “घोटाळा माझ्या नावानं झाला ना? मग माझ्याच नावावर राहू दे. तुम्ही दोघं गप्प बसा.”

वर सगळे हात धुऊन बसले होते. रूडोल्फही येऊन बसला होता, पातेल्यासकट. बाबा वरच्या जागेवर बसले आणि म्हणाले, “घोडे नाहीत. ब्लेड मी मागवायला सांगितलं होतं. डोळ्यांनी दिसेना, चुकीचं सांगितलं. पोरगं बिचारं माझ्या सांगण्यावरून तेच चालवत होतं. दोन ब्लेडं माझ्यामुळे गेली.”

कुणीतरी हातातला बाउरसाक ताटात परत ठेवला. एकतीस वर्षांत बोलात-आगांच्या हातून एक ब्लेड वाया गेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. रूडोल्फनं हळूच पातेलं टेबलाखाली सरकवलं.

तेमिरबेक काकांना मांस गेल्याचं दुःख फार वेळ टिकलं नाही. धाकट्या भावाची चूक सापडली होती. ते सरसावून बसले. “हे बघ बोलात,” ते म्हणाले, “करवतीचं काय असतं, सांगतो. माझी ट्राम आणि तुझी करवत, तत्त्व एकच. घाई करायची नाही. आणि एका वयानंतर माणसानं यंत्रापासून लांब राहावं. तुझा हात आता तो राहिला नाही. मी बघतोय ना! आज दोन ब्लेडं गेली, उद्या बोटं जातील. ती करवत विकून टाक. आपलं हसं होण्याआधी.”

थोरल्या भावाला उलट बोलायचं नसतं. बाबा एक डोळा खाली घालून ऐकत होते. “बरोबर आहे, दादा,” ते म्हणाले. काका आणखी पुढे सरकले आणि ब्लेडचे दाते कसे असतात ते त्यांना बोटांनी करून दाखवू लागले. बाबा पुन्हा म्हणाले, “बरोबर आहे, दादा.” त्यांचे कान लाल झाले होते.

मी उठलो. चहा ओतायचं काम आमच्यात सुनेचं. मी बालझानच्या हातून किटली घेतली. पाहुण्याचा पेला आम्ही नेहमी अर्धाच भरतो, म्हणजे तो पुन्हा मागेल आणि बसेल. काठोकाठ भरलेल्या पेल्याचा अर्थ लहान मूलसुद्धा जाणतं: चहा घ्या आणि उठा. मी काकांचा पेला घेतला. अर्ध्यावर थांबलो नाही. चहा काठाला आला, काठावर फुगला, बशीत सांडला.

काकांचं बोट हवेतच राहिलं. सगळे त्या पेल्याकडे बघत होते. बाबांनीही पाहिलं, उघड्या डोळ्यानं, बराच वेळ. मग त्यांनी हात लांब केला आणि तो पेला स्वतःच्या हातानं, एकही थेंब आणखी न सांडता, भावापुढे सरकवला.